यजमान घरात, पाहुणे दाराबाहेर

टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ आपल्याला नवे नाहीत. सारीपाट, सापशिडी, बुद्धिबळ ही त्यांतलीच मंडळी. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक वेगळाच खेळ प्रसिद्ध केला. त्यात एक जण सूत्रधार होतो. तो गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात आणि अडचणीच्या प्रसंगी पुढे काय घडले हे फासे टाकून ठरते. चार-सहा मित्र, एक टेबल, एक नकाशा आणि फासे एवढ्या सामग्रीवर हा खेळ महिनोन्‌महिने चालतो.

पुढे मित्र शिक्षणासाठी, नोकरीसाठी पांगतात आणि टेबल ओस पडते. मग हे टेबलच संगणकावर आणले तर? असे प्रयत्न अनेकांनी केले. फिनलंडमधल्या स्माइटवर्क्स या कंपनीने २००४ साली आणलेला ‘फँटसी ग्राउंड्स’ हा त्यांपैकी एक गाजलेला कार्यक्रम. सूत्रधाराने आपल्या घरच्या संगणकावर खेळ सुरू करायचा आणि मित्रांनी आपापल्या घरून त्या संगणकाशी जोडून घ्यायचे. सूत्रधाराचा संगणक हेच टेबल.

कल्पना सोपी होती, पण कित्येक घरांत एक चमत्कारिक अनुभव येई. सूत्रधाराला इंटरनेटवरचे सारे काही दिसे, टपाल येई-जाई, मात्र मित्रांना त्याचा संगणक काही केल्या सापडत नसे. यजमान घरात वाट पाहतो आहे, पाहुणे दाराबाहेर उभे आहेत, आणि दार उघडत नाही, असा हा प्रकार. घरच्या संगणकावरून असे खेळ चालवणाऱ्यांना हा अनुभव आजही येतो.

यात बहुधा काहीही मोडलेले नसते. इंटरनेटच्या इतिहासात वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांचे थर आपल्या घराच्या दारावर साचलेले असतात. ते कोणत्या क्रमाने साचले हे कळले, की दार कुठे अडले आहे हेही कळू लागते. शिवाय या लहानशा अडचणीमागे एक मोठा प्रश्न दडलेला आहे. घरातला किंवा शाळेतला साधा संगणक इंटरनेटवर यजमान होऊ शकतो, की त्याने कायम गिऱ्हाईकच राहायचे?

चारशे एकोणतीस कोटी पत्ते

इंटरनेटवरच्या प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता लागतो. आज सर्वत्र रूढ असलेली पत्त्यांची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट हे अमेरिकेतले मूळ जाळे तिच्यावर आले. या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा ३२ घरांचा असतो. वाचायला सोपे जावे म्हणून त्याचे आठ-आठ बिटांचे चार भाग पाडून ते दशमान पद्धतीने लिहितात. १९२.१६८.१.५ हा असा एक पत्ता.

बत्तीस घरांत किती वेगवेगळे पत्ते बसतील? दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. हा आकडा मोठा वाटतो खरा, पण १९८१ साली जगाची लोकसंख्याच सुमारे ४५० कोटी होती. माणशी एक पत्ताही पुरला नसता. त्या वेळी मात्र हे कोणाला खटकले नाही. कारण ऑगस्ट १९८१ मध्ये या जाळ्यावर एकूण संगणक होते २१३! प्रत्येक संगणक एखाद्या विद्यापीठाचा किंवा प्रयोगशाळेचा. घरोघरी संगणक येतील आणि एकेका घरात पाच-सहा उपकरणे पत्ता मागतील, ही कल्पना त्या आराखड्यात नव्हती.

याच सुमारास, १९८१ साली, जेरोम साल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क या तिघांनी एका शोधनिबंधात एक तत्त्व मांडले. जाळ्याने मधल्या मध्ये फार हुशारी करू नये, निरोप पोचवावा. महत्त्वाची कामे दोन्ही टोकांच्या संगणकांनी करावीत, असा त्याचा आशय. दोन्ही टोके समान दर्जाची असल्याने कोणताही संगणक कोणत्याही संगणकाशी बोलू शकत होता. आज यजमान, उद्या पाहुणा. आपल्या खेळाला नेमके हेच हवे असते.

पत्त्यांचा तुटवडा

पत्त्यांचे वाटप सुरुवातीला तीन ठोकळ मापांत होई. मोठ्या मापात सुमारे १ कोटी ६८ लाख, मधल्यात ६५,५३६ आणि लहानात अवघे २५६ पत्ते. हजारभर संगणक असलेल्या संस्थेला लहान माप अपुरे पडे, म्हणून ती मधले माप मागे आणि उरलेले साठ-पासष्ट हजार पत्ते पडून राहत. पायाला आठ नंबरचा जोडा लागतो आणि दुकानात सहा आणि बारा एवढेच नंबर आहेत, तशी गत.

जानेवारी १९९२ पर्यंत जाळ्यावरच्या संगणकांची संख्या ७,२७,००० झाली होती आणि ती झपाट्याने वाढत होती. तेव्हा तीन उपाय पुढे आले. पहिला, वाटपातली उधळपट्टी थांबवणे. १९९३ मध्ये ती तीन मापे मोडीत काढून गरजेपुरते पत्ते देण्याची पद्धत आली. दुसरा, पत्त्याची लांबीच वाढवणे. १२८ बिटांच्या सहाव्या आवृत्तीचा आराखडा डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. पण साऱ्या जगाची यंत्रणा बदलायला वेळ लागणार होता. तोवर निभावून नेण्यासाठी तिसरा उपाय आला, आणि आपली गोष्ट खरी तिथे सुरू होते.

दाराशी बसलेला दुभाषी

मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक टिपण प्रसिद्ध केले. त्यातली कल्पना समजण्यासाठी जुन्या पुण्यातला एखादा मोठा वाडा डोळ्यांपुढे आणावा. आत अनेक बिऱ्हाडे, पण रस्त्यावरून दिसणारा घर क्रमांक एकच. दिंडी दरवाजात एक कारकून बसलेला आहे. आतल्या कोणी पत्र पाठवले, की तो पाठवणाऱ्याच्या खोलीचा पत्ता खोडून तिथे वाड्याचा पत्ता लिहितो आणि आपल्या वहीत नोंद करतो. उत्तर आले, की वही पाहून ते योग्य खोलीत पोचवतो. बाहेरच्या जगाला आतल्या खोल्या ठाऊकच नसतात.

हा कारकून म्हणजे पत्त्यांचा दुभाषी. आज आपल्या घरच्या राउटरमध्ये तोच बसलेला असतो. पत्त्याबरोबर ‘पोर्ट’ नावाचा आणखी एक १६ बिटांचा क्रमांक प्रत्येक निरोपावर असतो. तो ० ते ६५,५३५ पर्यंत असू शकतो. एकाच संगणकावर चालणारी वेगवेगळी कामे ओळखण्यासाठी तो ठेवलेला. पुढे कारकून या क्रमांकांचाही उपयोग करू लागला आणि एका जाहीर पत्त्यामागे घरातली सारी उपकरणे नांदू लागली.

आतल्या खोल्यांना कोणते क्रमांक द्यायचे? त्यासाठी मार्च १९९४ मध्ये काही पत्ते ‘खाजगी’ म्हणून बाजूला काढण्याची सूचना आली. १० ने सुरू होणारे सर्व, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेर मात्र त्यांना अर्थ नाही. यांतला १० हा क्रमांक पूर्वी अर्पानेटचा होता. ते जाळे १९९० मध्ये बंद झाल्याने तो मोकळा झाला होता.

या सूचनेला लगेच विरोध झाला. जुलै १९९४ मध्ये एलियट लिअर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उलट टिपण लिहिले. एक पत्ता म्हणजे जगात एकच ठिकाण, हा इंटरनेटचा पाया आहे. तो सोडला तर पुढे त्रास होईल, असे त्यांचे म्हणणे होते. दीड वर्षाने, फेब्रुवारी १९९६ मध्ये, खाजगी पत्त्यांचा सुधारित मसुदा आला. गंमत म्हणजे त्यावर मूळ चार लेखकांच्या जोडीला पाचवे नाव होते एलियट लिअर यांचे! सुधारित मसुद्यात या पद्धतीच्या फायद्यांबरोबर तोटेही नोंदवलेले आहेत. मतभेद मिटवून न टाकता ते कागदावर आणण्याची ही रीत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगी आहे.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा हा वाद ताजा होता. पण टेलिफोनवरून एकच संगणक जोडला जाई, तोवर घरात कारकुनाची गरज नव्हती. घरात दुसरा संगणक आला तेव्हा ती भासू लागली. १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकच जोडणी अनेक संगणकांत वाटून घेण्याची सोय आली. पुढे ब्रॉडबँडबरोबर राउटरची छोटी पेटी घरोघरी पोचली आणि कारकून कायमचा मुक्कामाला आला.

कारकुनाची अडचण

आता आपल्या खेळाकडे येऊ. मित्राचा निरोप सूत्रधाराच्या जाहीर पत्त्यावर, म्हणजे वाड्याच्या दिंडीवर येतो. कारकून वही उघडतो. आतून कोणी या मित्राला आधी पत्र लिहिलेले नाही, त्यामुळे वहीत नोंद नाही. निरोप कोणत्या खोलीत न्यायचा? कारकून तो टाकून देतो. आतून बाहेर जाणारे सारे काही सुरळीत चालते आणि बाहेरून आत येणारे तेवढे अडते, याचे कारण हे.

यावरचा सरळ उपाय म्हणजे कारकुनाला कायमची सूचना देणे: ‘१८०२ क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते पाच नंबरच्या खोलीत न्यावे.’ १८०२ हा फँटसी ग्राउंड्सच्या मूळ आवृत्तीचा पोर्ट. २०२० साली आलेला ‘फाउंड्री’ हा असाच दुसरा कार्यक्रम सहसा ३०००० क्रमांक वापरतो. राउटरच्या पानावर अशी सूचना लिहिण्याला ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ म्हणतात. दुसरा उपाय अधिक चतुर आहे. दोन्ही घरांतून एकाच वेळी एकमेकांना निरोप पाठवले, तर दोन्ही कारकुनांच्या वहीत नोंद होते आणि वाट मोकळी होते. डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये या युक्तीचे वर्णन केले होते. २००५ मध्ये ब्रायन फोर्ड, प्यादा श्रीसुरेश आणि केगेल यांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीत, एका प्रकारच्या निरोपांसाठी सुमारे ८२ टक्के आणि दुसऱ्या प्रकारासाठी सुमारे ६४ टक्के राउटरांवर ती चालली. उरलेल्यांवर चालली नाही, हेही तितकेच महत्त्वाचे.

कारकुनाची बाजूही ऐकली पाहिजे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाच्या संगणक-किड्याने इंटरनेटला थेट जोडलेले लाखो विंडोज संगणक पछाडले. राउटरच्या आड असलेले संगणक त्या थेट हल्ल्यातून पुष्कळसे वाचले, कारण न बोलावलेला निरोप आत जातच नव्हता. वर्षभराने, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या सुधारणेत संगणकाची स्वतःची संरक्षक भिंत आपोआप चालू ठेवली जाऊ लागली. म्हणजे घराला एक दार होते, आता खोलीलाही आले.

दुसरा कारकून

३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले पत्त्यांचे शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच विभागीय संस्थांना वाटले गेले. आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आला आणि तेव्हापासून नव्या पत्त्यांवर रेशन आले.

सेवा देणाऱ्या कंपन्यांनी काय करावे? अनेकींनी आपल्याकडेही एक कारकून बसवला. शेकडो घरे त्याच्या आड आणि जाहीर पत्ता एक. एप्रिल २०१२ मध्ये त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ पर्यंतचे पत्ते खास राखून ठेवण्यात आले. आता वाड्याच्या दिंडीबाहेर पेठेची वेस आली, आणि तिथला कारकून आपला नोकर नाही. घरच्या राउटरवर सूचना कितीही अचूक लिहिली तरी निरोप वेशीवरच अडतो.

बिघाड शोधण्याचा क्रम

हा इतिहास ध्यानात ठेवला तर तपासणी आतून बाहेर करावी हे ओघानेच येते.

पहिली पायरी: ज्या संगणकावर खेळ चालू आहे त्याच संगणकावरून १२७.०.०.१ या पत्त्यावर जोडून पाहावे. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. इथेच जोडणी झाली नाही तर दोष कार्यक्रमात किंवा त्याच्या मांडणीत आहे; राउटरला हात लावू नये.

दुसरी पायरी: घरातल्या दुसऱ्या संगणकावरून पहिल्याच्या खाजगी पत्त्यावर जोडावे. इथे अडले तर बहुधा संगणकाची संरक्षक भिंत, म्हणजे २००४ चा थर, आड येते आहे.

तिसरी पायरी: राउटरवरची सूचना पाहावी. घरातले खाजगी पत्ते राउटर आपोआप वाटतो. ही स्वयंचलित वाटपाची पद्धत १९९३ ची. त्यामुळे गेल्या आठवड्यात पाच नंबरच्या खोलीत असलेला संगणक आज नऊमध्ये असू शकतो आणि सूचना मात्र पाचकडेच बोट दाखवते. त्या संगणकाला एक पत्ता राखून ठेवला की हा घोळ मिटतो.

चौथी पायरी: राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि बाहेरच्या जगाला दिसणारा आपला पत्ता ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर दार आपल्याच हातात आहे. राउटरवरचा पत्ता वर सांगितलेल्या खाजगी किंवा १००.६४ ते १००.१२७ या गटातला निघाला, तर पुढे दुसरा कारकून आहे. तो कधी घरातच, एकापुढे एक जोडलेल्या दोन राउटरांमुळे असतो. मग एकाचे पत्ते बदलण्याचे काम बंद करता येते. कंपनीचा असेल तर तिच्याकडे जाहीर पत्ता मागावा लागतो.

पाचवी पायरी: शेवटची परीक्षा खरोखर बाहेरून घ्यावी. मोबाइलच्या स्वतंत्र जोडणीवरून किंवा मित्राच्या घरून. आपल्याच घरातून आपल्या जाहीर पत्त्यावर जाण्याचा प्रयत्न कित्येक राउटरांवर फसतो, मग सारे काही ठीक का असेना.

एका वेळी एकच बदल करावा, तो लिहून ठेवावा आणि मग पुन्हा तपासावे. प्रयोगशाळेत आपण मुलांना हेच शिकवतो. आणि खेळ संपला की सूचना काढून टाकावी. उघड्या दारातून पाहुण्यांबरोबर चोरही येऊ शकतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा सारा प्रकार कागदाच्या चिठ्ठ्यांनी वर्गात दाखवता येतो. सहा मुले आत बसवावीत, प्रत्येकाला १ ते ६ क्रमांक द्यावा. दारात वही घेऊन एक कारकून. दोन-तीन मुले वऱ्हांड्यात. आतल्यांनी चिठ्ठ्या पाठवाव्यात, कारकुनाने पत्ता बदलून क्रमांक टाकावा, नोंद करावी आणि उत्तरे परत पोचवावीत. मग बाहेरच्या मुलाला आपणहून एक चिठ्ठी पाठवायला सांगावे. कारकून गोंधळतो. हा क्षण महत्त्वाचा. उपाय मुलांनाच सुचवू द्यावा. ‘३० क्रमांकाची चिठ्ठी ४ नंबरला’ अशी पाटी ते स्वतःच लिहितील. मग मुलांच्या जागा बदलाव्यात आणि काय होते ते पाहावे. शेवटी जिन्याशी दुसरा कारकून बसवावा.

यजमानपण कोणाकडे?

दार उघडण्याची कटकट नको म्हणून अनेकांनी वेगळी वाट धरली. २०१२ मध्ये आलेल्या ‘रोल२०’ मध्ये टेबल कंपनीच्या संगणकावर असते आणि सूत्रधारासह सारेच तिथे पाहुणे म्हणून जातात. फँटसी ग्राउंड्सनेही २०२० च्या नव्या आवृत्तीत कंपनीच्या मध्यस्थीने जोडण्याची सोय दिली. सोय मोठी आहे आणि ती वापरण्यात काही गैर नाही. पण त्याची किंमत आपल्याला ठाऊक असावी. टेबल दुसऱ्याचे असले, की त्याचे नियम, त्याचे भाडे आणि ते कधी मिटायचे हेही दुसराच ठरवतो. जे खेळाचे तेच शाळेच्या हवामान-नोंदींचे, तेच गावाच्या छायाचित्र-संग्रहाचे.

सहाव्या आवृत्तीचे पत्ते सुमारे ३४ वर ३७ शून्ये इतके आहेत. तिथे प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळू शकतो आणि पत्ते बदलणाऱ्या कारकुनाची गरज उरत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने ही आवृत्ती मोठ्या प्रमाणावर वापरली आणि आज भारत तिच्या वापरात जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. अर्थात राउटरची संरक्षक भिंत तिथेही असते आणि दार आपल्यालाच उघडावे लागते. शिवाय पाहुण्याकडेही सहावी आवृत्ती हवी. तात्पुरता म्हणून आलेला १९९४ चा कारकून तीस वर्षांनंतरही वही घेऊन बसलेला आहे.

आपल्या शाळेच्या राउटरवरचा पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता एकदा मुलांना ताडून पाहायला सांगावे. दोन्ही आकडे जुळले, तर शाळेतल्या एखाद्या जुन्या संगणकावरून मुलांचे स्वतःचे पान चालवून पाहता येईल. जुळले नाहीत, तर जाहीर पत्ता किंवा सहाव्या आवृत्तीची जोडणी मिळेल का, हे कंपनीला विचारणारे पत्र मुलांकडूनच लिहून घ्यावे.